माठामागचा राउटर

गिरीज, वसई
११ ऑक्टोबर २००९

चि. कौस्तुभ,

अनेक आशीर्वाद. तू आणि कृतिका मेलबर्नला खुशाल असाल. इथे पाऊस ओसरलाय, केळी घडांनी वाकल्यात. बाबा आता चमच्याने पेज घेतात. उजवा हात अजून उचलवत नाही. शब्दही नाही.

पत्र बघून नवल वाटेल. हे लॅपटॉपच्या पडद्यावर, समोरासमोर सांगायला गेले असते, तर तुझा चेहरा बघून गप्प बसले असते.

तू श्रीपतकाकांना फोनवर म्हणालास, "तुमच्या लाइनमुळे बाबांची ही दशा झाली." त्यांनी मला सांगितलं नाही, काकींकडून कळलं. वीस वर्षं शेजारी राहून आपली केबल आणि नेट सांभाळणारा माणूस. मंगळवारी ते आपणहून आले. केबलची वायर थेट लॅपटॉपला लावून तासभर बघत बसले. चित्र एकदाही अडकलं नाही. मग विचारलं, राउटर कुठे आहे?

तुला माहीत नसेल. राउटर तापतो म्हणून बाबांनी तो स्वयंपाकघरात माठामागे ठेवला होता, वाडीतली विड्याची पानं गारव्याला ठेवतात तसा. खाली ओलं फडकं घालणार होते, तेवढं मी अडवलं होतं. काका हसले नाहीत. "पाण्याच्या आड ठेवलाय गं. रेंज माजघरात येणार कशी?" त्यांनी तो माजघरातल्या फळीवर ठेवला. तेव्हापासून चित्र थांबत नाही.

लाइनचा दोष नव्हता, एवढंच कळवायचं ठरवून बसले होते. तीन दिवस तेवढंच लिहून फाडतेय.

त्या रविवारी अकराला तू म्हणालास, "ताई, बाबा अडकतायत. आवाज ओढल्यासारखा येतोय. राउटर बंद करून चालू कर." तुला तिथून तसंच वाटणार, नेहमीचंच होतं. मी आत गेले आणि बटण बंद केलं. तेवढ्यात माजघरातून बाबा बोलले, "पा…नं… झाक…ली का…"

तसाच ओढलेला आवाज. नेट बंद होतं, कौस्तुभ. त्यांच्या-माझ्यात एक उघडं दार होतं, बाकी काही नाही.

मी ऐकलं. काहीतरी चुकतंय हे कळलंही. पण तू तिकडे ताटकळला असशील म्हणून मी हिरव्या दिव्याकडे बघत उभी राहिले. आतूनच म्हटलं, "बाबा, थांबा जरा. नेट येऊ दे, मग बोला."

ते थांबले.

दिवा लागायला वीस मिनिटं गेली. तोवर तू उठून गेला होतास. बाबा मान टाकून बसले होते. दमलेत, असं स्वतःला सांगून मी त्यांना आडवं केलं. दवाखान्यात नेलं तेव्हा चार वाजले होते. झटक्याला किती वेळ झाला ते ठरवायला डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, बोलणं कधी जड झालं? मी म्हटलं, आत्ताच.

श्रीपतकाकांना फोन कर. ते तुझ्यावर रागावलेले नाहीत, पण वाडीच्या बाजूने जायचे ते आता लांबच्या रस्त्याने जातात. माझ्याबद्दल काय ठरवायचं ते सवडीने ठरव.

हे पत्र पोचेल त्यानंतरच्या रविवारी बाबांना पडद्यासमोर बसवीन. चित्र स्वच्छ येईल, वाकलेलं तोंडही दिसेल, मनाची तयारी ठेव. तू बोलत राहा, ते ऐकतात.

मी रोज सकाळी पेज भरवताना त्यांना सांगते, बाबा, नेट आलंय, आता बोला.

तुझी,
उन्नतीताई