पुडी नाही, काढाच

प्रिय आई,

आज मिरजेत एका बाईला मी तुझा काढा पाजला, आणि तू गेल्यानंतर सहा महिन्यांनी पहिल्यांदा मोकळी रडले. अभिमानानं गं! म्हणून हे पत्र.

वडूजजवळच्या आपल्या खेड्यात तुझी ओवा-सुंठीची पुडी किती चालायची! अजीर्ण झालं, पोट गुबारलं, की गाव आपल्या बौद्धवाड्याच्या वाटेला. पण उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, पुडी वरून टाकून घ्यायची आणि पाणी आपापल्या घरी प्यायचं. आपण धर्म बदलला, तरी गावाला आपलं पाणी चालत नव्हतं.

मग एक दिवस तू पुड्याच बंद केल्यास. "पुडीनं गुण येत न्हाई. काढा देते. हितंच बसून गरम प्यायचा." लबाड कुठली! खरं कारण मलासुद्धा सांगितलं नाहीस.

आणि नेमके मळेवाले बापू आले. लग्नात पैजेवर जिलब्या हाणल्या होत्या, पोट धरून वाकलेले.

"चंद्रे, पुडी दे. घरी जाऊन घेतो."

"पुडी न्हाई, बापू. काढा हाय."

"पाणी कुठलं?"

"आमच्या रांजणातलं."

मी मागून तुझा पदर ओढत होते, "आये, दे की पुडी!" बापू बिथरले असते तर त्यांच्या मळ्यातलं तुझं काम गेलं असतं. तू हलली नाहीस. पादेलोण टाकून काढा निम्मा आटेपर्यंत उकळत बसलीस, आणि बापू चौकटीला टेकून कण्हत राहिले. इतका वेळ लागतो का गं काढ्याला?

त्यांच्या गोठ्यात आपल्यासाठी कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असायचा. तू मात्र त्यांच्यापुढे घरातला एकुलता एक धड कप धरलास.

प्यायले की! शेवटच्या घोटापर्यंत. मोठा ढेकर देऊन म्हणाले, "लय ब्येस झालं, चंद्राबाई." आणि मी काय केलं? तुला शाबास म्हणायचं सोडून, घाबरवलंस म्हणून दोन दिवस अबोला धरला. चुकलं माझं.

आज आमच्या घरमालकीणबाई आल्या. आडनाव कळल्यापासून त्या उंबऱ्याबाहेरूनच बोलतात. "पोट फार दुखतंय, ओव्याची पुडी बांधून दे." माझा हात कागदाकडे गेला होता, आई. मग म्हणाले, "आत या. बसा. काढा ठेवते."

आल्या, आणि बसल्यासुद्धा!

तुझी नात आता ओवा निवडायला लागलीय. वचन देते, तिला ओवा-सुंठीचं प्रमाण मागाहून शिकवीन. आधी शिकवीन ते हे: पाणी आपल्या रांजणातलं घ्यायचं, आणि धड कप पाहुण्यापुढे ठेवायचा.

तुझी,
शालन