दुभाष्याची भाची

नवी दिल्ली,
ता. ६ सप्टेंबर १९८२

चि. सौ. रत्नम्मा हिस अण्णाचे आशीर्वाद.

मी इकडे बरा आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो, पण सरकारी खुर्चीत बसणाऱ्याला गुडघ्याचं फारसं काम पडत नाही. नागप्पा दाजींचा खोकला कसा आहे? मल्लम्मा पाचवीत गेली, इंग्रजी मुळाक्षरं गिरवते, हे त्यांच्या पत्रातून कळलं. मामाचं काहीतरी अंगात उतरलंच म्हणायचं.

लातूर जिल्हा झाल्याचं पेपरात वाचलं आणि शिपायाला पेढे आणायला पिटाळलं. उस्मानाबादच्या कचेरीत जायचं म्हणजे तुमचा अख्खा दिवस मोडायचा, ती कटकट गेली. पाऊस मात्र यंदाही रुसलेला दिसतो. पोळ्यालाच विहिरीचा तळ दिसला म्हणे. त्याच पाण्याच्या कामासाठी हे पत्र लिहितोय.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात उदगीर-देगलूर रस्त्यावरच्या खडीच्या कामावर आपल्या देशानं मदतीला पाठवलेलं धान्य बघायला एक परदेशी बाई आल्या होत्या, त्या आता त्यांच्या देशात फार वर गेल्या आहेत. वीस ऑक्टोबरला त्या नव्या जिल्ह्यात येतील. विंधन विहिरी पाडायची यंत्रं त्यांचा देश आपल्याला देणार, असं इथे बंद खोलीत जवळजवळ ठरलं आहे. सही तेवढी राहिली आहे. आणि बाईंची एकच मागणी आहे, "माझा हात धरून रडली होती त्या आईला मला भेटवा." ती आई म्हणजे तू.

माझं काम काय, हे तुला कधी नीट समजलं नाही, म्हणून सांगतो. मी देगलूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. कानडी, तेलुगू, मराठी येतं म्हणून मला बाईंच्या त्या दौऱ्यात दुभाष्याच्या कामाला नेलं, आणि तुझ्या फोटोनंतर दिल्लीला उचललं. आमच्या खात्यात दोन तऱ्हेची माणसं. एक, दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्यांशी दार लावून कलमाकलमावर भांडणारी. दुसरे आम्ही. पाहुण्यांचे दौरे, प्रदर्शनं, फोटो, नाचगाणी आमच्याकडे, म्हणजे परक्या देशातल्या साध्या माणसाचं मन वळवायचं काम. पहिले आम्हाला तमासगीर समजतात. दोन वर्षं झाली, मी एक टिपण घेऊन साहेबांच्या मागे लागलो आहे की दोन्ही कामं एकाच धोरणात बांधा. खोलीत जे मागायचं त्याची मशागत आधी बाहेर, लोकांत झाली पाहिजे.

त्या टिपणात पहिलं उदाहरण तुझं आहे. तुझा फोटो त्यांच्या पेपरांत छापला, तिथल्या घराघरांतून सरकारला पत्रं गेली, आणि चार महिने अडलेलं पुढचं धान्य पंधरा दिवसांत जहाजावर चढलं. राजदूतांना जमलं नाही ते माझ्या चौथी पास बहिणीनं केलं. हे मी मोठ्या सभेत अभिमानानं सांगितलं आहे, हसू नकोस.

आता जरा अडचणीचं लिहितो. बाईंना मुलीलाही भेटायचं आहे.

कोणती मुलगी, असं विचारू नकोस. त्या दिवशी तू म्हणाली होतीस, "ह्येच खाऊन माझी नीली गेली, बाई. कालच पुरलं तिला. दुसऱ्याच्या लेकराला तरी घालू नका." मी इंग्रजीत सांगितलं, "तुमच्या धान्यानं माझी नीलम्मा वाचली." गावच्या शाळेतल्या गुरुपादप्पा मास्तरांनी तुला पेपर वाचून दाखवला तेव्हा तुला ते कळलं. मागे मामलेदार उभे, पुढे कॅमेरे. पोरगी धान्यानं गेली की डबक्यातल्या पाण्यानं, हे डॉक्टरलाही सांगता आलं नसतं. मी दुसरं काय सांगणार होतो?

लेक पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी तुला पाहुण्यांपुढे उभं केलं म्हणून आई मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आता आपल्या लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, यात माझा काय दोष? सुतकवाली बाई असती तर दहा दिवस कोपऱ्यात बसली असती आणि मला दुसरी शोधावी लागली असती. तू कपाळभर विभूती लावून आलीस. फोटोत त्या पांढऱ्या पट्ट्या फार उठून दिसतात.

नीलम्माला आज चौदावं लागलं असतं. मल्लम्मा दहाची. दुष्काळात वाढ खुंटली असेल, असं बाई समजतील. तिला दोन वेण्या घाल, धुतलेलं परकर-पोलकं घाल, आणि कुणी नाव विचारलं तर नीलम्मा सांगायचं, एवढंच. एका दुपारचं काम आहे. पहिली विहीर तुमच्या गावात, हे मी साहेबांकडून कबूल करून घेतलं आहे. तू नाही म्हणालीस तर यंत्रं बहुधा दुसऱ्या राज्यात जातील. ती का गेली हे मी गावात सांगणार नाही, पण अशा गोष्टी लपत नाहीत. दोन कोसांवरून हंडा आणणाऱ्या बायकांना तू मग काय तोंड दाखवशील?

जीपचं तू अजून धरून बसली आहेस, असं नागप्पांनी लिहिलं. ते सोडून दे. उत्तर लगेच टाक.

तुझा अण्णा,
विरूपाक्ष


नवी दिल्ली,
ता. १२ नोव्हेंबर १९८२

चि. सौ. रत्नम्मा हिस आशीर्वाद.

कार्यक्रम संपल्यावर तू माझ्याशी न बोलता एसटीत जाऊन बसलीस. एवढ्या माणसांदेखत तुझ्या मागे धावणं मला शोभलं नसतं, म्हणून आज लिहितो. सही झाली. यंत्रं फेब्रुवारीत मुंबईला उतरतील आणि पहिली विहीर बसवण्णाच्या देवळामागे पाडायची, असं लेखी झालं आहे. मी शब्द पाळतो.

मल्लम्माला दोन वेण्या घालून मंडपात आणलीस तेव्हा मला भरून आलं. वाटलं, बहिणीनं झालं गेलं पोटात घातलं. तू डाव रचून आली होतीस, हे मला काय ठाऊक?

बाईंनी तुझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, त्या दिवसांतलं काय आठवतं? तू त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. माझ्या तोंडाकडे बघत म्हणालीस, "अण्णा, हिला सांग. लेकरू हगवणीनं पांढरं पडलं होतं. माझा नवरा तुझ्या पाया पडला, जीप दे म्हनला, उदगीरला न्हेतो. तू म्हनलास, जीप उद्या पाव्हन्यांना लागती, धुवून ठिवलीय. सांग की. तुला लई इंग्रजी येतंय."

हो, म्हणालो होतो. नऊ वर्षांत मी हे कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. गावात प्यायला पाणी नव्हतं आणि दौऱ्यासाठी माझ्या ताब्यात दिलेली ती सरकारी जीप मी टँकरच्या पाण्यानं धुवून घेतली होती. पोरगी दुसऱ्या दिवशीपर्यंत तग धरेल असं मला वाटलं. मला खरंच वाटलं होतं, रत्नम्मा. रस्त्यात उभी धुतलेली जीप दिसली की अजून मी रस्ता बदलतो, पण ते तिथे मंडपात सांगायचं नव्हतं. बाईंना मी सांगितलं, "ती म्हणते, तुम्ही अगदी वेळेवर आलात." त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

मग मल्लम्मा पुढे झाली. शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तशी, हात मांड्यांना चिकटवून. आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "माझी बहीण मेली." एकच वाक्य. गुरुपादप्पा मास्तरांनी महिनाभर घोकून घेतलं असणार, उच्चारावरून ओळखलं मी. अण्णाला जे वाक्य बदलता येणार नाही असं वाक्य तुम्ही तिघांनी मिळून तयार केलंत. शाबास.

पण पुढचा प्रश्नही बाई इंग्रजीतच विचारणार, हे तुमच्या लक्षात आलं नाही. त्यांनी विचारलं, कोणती बहीण? मल्लम्माला ते कळलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली, तूही बघायला लागलीस. मी म्हणालो, "हिची धाकटी बहीण, मल्लम्मा. तुमचं धान्य पोचायच्या आधीच गेली. ही नीलम्मा तेवढी तुमच्यामुळे राहिली." बाईंनी पोरीला पोटाशी धरलं ते पाच मिनिटं सोडलं नाही. तुला काय वाटलं असेल तेव्हा? मल्लम्माचं म्हणणं त्यांना पटलं म्हणून? हो, पटलं, पण मी सांगितलेलं.

ते वाक्य नसतं तर त्या फोटो काढून निघून गेल्या असत्या. आता त्यांनी ठरवलं आहे की वाचलेल्या मुलीला त्या आपल्या घरी ठेवून शिकवणार, एकविसावं लागेपर्यंत. त्यांच्या सरकारनं खर्च उचलला आहे. दोन्ही देशांत तिची गोष्ट सांगितली जाईल. माझं टिपण गेल्या सोमवारी मंजूर झालं. खोलीतलं आणि लोकांतलं काम आता एका धोरणात आलं, आणि त्या धोरणाच्या पहिल्या पानावर आपली मुलगी आहे. करारासोबतच्या पत्रांत 'नीलम्मा नागप्पा' असं नाव लिहून गेलं आहे, तेव्हा नाही म्हणायची सोय ना तुला उरली ना मला. तुला वाईट वाटेल. मलाही एक रात्र झोप आली नाही.

राहिला पासपोर्ट. नीलम्माच्या जन्माची नोंद आहे. मेल्याची नोंद त्या दुष्काळात कुणी केली नाही, म्हणजे कागदावर ती आहेच. अडचण मल्लम्माची आहे. तिचं नाव शाळेत आहे, आणि चौकशीला येणारा विचारेल की दुसरी मुलगी कुठे? म्हणून सोबत अर्ज टाइप करून पाठवतो. मल्लम्मा नागप्पा ही मुलगी मे १९७३ मध्ये मयत झाली व शाळेच्या दाखल्यात थोरल्या मुलीऐवजी चुकून तिचं नाव लागलं, असं त्यात लिहिलं आहे. नागप्पांची सही डावीकडे, तुझी उजवीकडे. तलाठी शेषेराव साक्षीला सही करतील, त्यांना वरून निरोप गेला आहे. पंधरा तारखेला जीप येईल. कागद आणि मुलगी दोन्ही तिच्यातून पाठव.

तुला बारीक अक्षर दिसत नाही, माझी पत्रं तू लेकीकडून वाचून घेतेस, असं नागप्पा म्हणाले. तर बाळ, आता तुलाच सांगतो. सही करताना आईचा हात कापेल. तू कागद खालून घट्ट धरून ठेव.

चि. नीलम्मा हिस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

विरूपाक्ष