सुधाच्या शेजारची जागा

१० नोव्हेंबर १९५२, ठाणे
दिवाळीची सुट्टी संपली. हेडमास्तरांचा हुकूम: चौथीत जोडीवाचन सुरू करा. एकाने वाचायचं, शेजाऱ्याने चुका धरायच्या. "आपापला जोडीदार निवडा," म्हणालो आणि फळा पुसायला वळलो. मागे पाहतो तर सगळी दोघादोघांनी बसलेली, आमची सुधा एकटी. पुस्तक उघडं, मान खाली. वर्गात मी तिचा बाप नाही, गुरुजी. उगाच तिच्या बाकाजवळून दोनदा गेलो.

११ नोव्हें.
कुमुदला म्हटलं, सुधाजवळ बस. दिवाळीपूर्वी दोघी एका डब्यातून खायच्या. उठली नाही, रडू लागली. "आईने सांगितलंय, तिच्या आईला क्षय झालाय."
संध्याकाळी कुमुदच्या वडिलांकडे गेलो, सुधाच्या छातीचा फोटो घेऊन. फोटो स्वच्छ, डॉक्टरांची चिठ्ठीही आहे. त्यांनी चहा दिला, गोड बोलले. फोटो मात्र हातात घेतला नाही.

१३ नोव्हें.
दटावून कुणालाही बसवता येईल. पण ते मूल अंग चोरून बसेल आणि सुधाला ते कळेल. आज मीच तिचा जोडीदार झालो. धडा घडाघडा वाचला, एक चूक नाही. शेवटी हळूच, "गुरुजी, उद्या माझी मी वाचीन."
घरी बाबा म्हणते.

१६ नोव्हें., रविवार
सॅनिटोरियम. कल्याणला गाडी बदलून पोचेतो दुपार. सौ. व्हरांड्यात खाटेवर. वजन दीड पौंड वाढलं. मुलांना आत सोडत नाहीत. चार महिने तिने सुधाला पाहिलेलं नाही.
"वेणी कोण घालतं तिची?" मी घालतो म्हटलं. हसली, मग खोकला.
"वर्गात कुणाजवळ बसते?"
कुमुदजवळ, म्हणालो. तेरा वर्षांच्या संसारात तिच्याशी इतकं सरळ खोटं कधी...

१८ नोव्हें.
आज ठकी मागच्या बाकावरून उठली. मिठागरावरच्या बाळारामची पोर, वर्गात सर्वांत थोरली, वाचन यथातथा. पाटी-दप्तर उचललं आणि थेट सुधाजवळ जाऊन बसली.
"मी बसतंय गुर्जी. मना काय व्हनार नाय. माजी आय बी खोकत व्हती, मी तिचे कुशीतच निजाची."
"आई कुठे आहे आता?"
"गेली."
सुधाने पुस्तक तिच्याकडे सरकवलं.

२२ नोव्हें.
दोघींचं जमलं. सुधा वाचते, ठकी चुका धरायचं सोडून ऐकत राहते. "मंग? फुरं काय झाला?" सुधा आज घरी गुणगुणत होती. किती दिवसांनी.
मला मात्र स्वस्थता नाही. कुमुदच्या घरी फोटो घेऊन गेलो, बाळारामकडे गेलो नाही. तो तक्रार घेऊन शाळेत येणार नाही, म्हणूनच ना?

२९ नोव्हें., शनिवार
अर्धी शाळा. मिठागरावर गेलो. बाळाराम गुडघाभर चिखलात बांध लिंपत होता. सगळं सांगितलं. सौ.चं, सुधाचं, दोघी एका बाकावर बसतात तेही. त्याने हात धोतराला पुसले, फोटो घेतला, उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिला.
"मास्तर, तुमी सांगाला आलाव, बरा केलाव. माजे बायकोचा कोनी फोटो कारला नाय." मग फोटो परत देत, "मना इचार करू दे."

४ डिसें.
सोमवारपासून ठकी नाही. मिठाचं काम निघालं म्हणून, की बापाचा विचार झाला? न सांगतो तर? पण न सांगून कसं चाललं असतं. सुधाने शेजारची जागा दप्तर ठेवून अडवली आहे. जणू कुणी ती मागायलाच येणार आहे.

६ डिसें., शनिवार
मिठागरावर जाणार होतो, हेडमास्तरांनी सभेला बसवून ठेवलं. घरी आलो तेव्हा अंधार पडलेला, सुधा अजून चपला घालून दारात.
"बाबा, उद्या ठकीकडे जाऊ या."
उद्या रविवार, तुझ्या आईचा वार, म्हटलं. मी गेलो नाही तर ती फाटकाकडे बघत बसते, तेही सांगितलं. सुधा रडली नाही.
"आईला मला भेटू देत नाहीत. ठकीला तरी भेटू द्या."