सुतकातली बाटली

२९ एप्रिल १९७४
आज तिसरा दिवस. अस्थी गोळा करून आणल्या. चूल बंद. शेजारून पिठलं-भात आला, तोच सगळ्यांनी चिवडला.
हे गेले ते हृदयानं. साखरेच्या दुखण्याला बारा वर्षं भ्यायले, आणि ते राहिलं बाजूलाच. मोरीजवळ ओल्या वाळूचं मडकं अजून आहे. आत गारव्याला ठेवलेली ह्यांची इन्सुलिनची बाटली, निम्मी शिल्लक. सकाळी उठल्याबरोबर मडक्यावर पाणी शिंपडलं. सवय. मग तिथंच बसून रडले.

१ मे
रामय्या दारात आला. पलीकडच्या खोलीतला विणकर. ह्यांच्यासारखाच साखरेचा, डॉ. एकच, औषध एकच. रोज सकाळी दोघं आमच्या ओट्यावर बसायचे आणि हेच त्याला टोचायचे. स्वतःच्या अंगात सुई घालायचा त्याला धीर नाही. हल्ली बायको टोचते म्हणे.
त्याची बाटली संपत आलीय, दुकानात माल नाही. मान खाली घालून म्हणाला, "वैनी, मागायची वेळ न्हाय ही. पण मास्तरांची ती बाटली..."
मी उठलेच होते. अक्का आडवी आली (माझी थोरली नणंद, जेऊरहून आलीय). सुतकातल्या घरातनं वस्तू बाहेर जात नाही. मी म्हटलं, औषधाला कसलं आलंय सुतक? तर म्हणाली, "त्याचा जीव अजून हितंच घुटमळतोय. आन् त्याचं औषध तूच उचलून देणार व्हय?"
मी परत खाली बसले. रामय्याला तेराव्याला ये म्हणून सांगितलं. बरं म्हणून गेला बिचारा.

६ मे
दहावा. कावळा लगेच शिवला. म्हणजे इच्छा राहिली नव्हती म्हणे. असेल.
अक्कानं घर धुतलं. सुतकातली मडकी रीतीप्रमाणे उकिरड्यावर गेली, वाळूचंसुद्धा. बाटली तेवढी मी तिच्या हातातनं हिसकावली. ह्यांच्या चष्म्याशेजारी कोनाड्यात ठेवलीय. ऊन असं की भिंतीला हात लावला तर चटका बसतो.
रामय्या निम्मा निम्मा डोस घेऊन भागवतोय.

९ मे
तेरावा झाला. छत्री, चपला, तांब्या ब्राह्मणाला. बाटली रामय्याला. ह्यांचं नाव घेऊन, पाणी सोडून दिली. कालपासून रेल्वेचा संप, औषधं पुण्यातच अडकलीत, त्यामुळं त्याला तर देवच पावला. उजेडाला धरून बघितली, अगदी नितळ.
इतक्या दानात हे एकच खरं दान, असं वाटलं. हे असते तर खूश झाले असते. आज दोन घास गोड लागले.

१३ मे
अक्का एस.टी.नं गेली. घर खायला उठतं.
रामय्याचं तोंड सारखं कोरडं. कळशी कळशी पाणी पितो. नरसव्वा, त्याची बायको, निळ्या औषधात लघवी उकळून नळी दाखवायला घेऊन आली. विटेसारखी लाल, म्हणजे साखर भरमसाट. डोस वाढवून बघ म्हटलं. दुसरं काय सांगणार?

१६ मे
रामय्याला सिव्हिलला नेलं. श्वास जोरजोरात, माणसं ओळखेना.
आमच्या डॉ.नी मला बोलावून घेतलं. बाटली कधी उघडली होती? हनुमान जयंतीला, सहा एप्रिलला, मला पक्कं आठवतं. ठेवली कुठं? मडक्याचं सांगितलं, कोनाड्याचं सांगितलं. मग म्हणाले, उघडली की गारव्यात महिनाभर धरायची, पुढं टाकून द्यायची. आणि ह्या उन्हात, कोरड्या कोनाड्यात, तिचं पाणी झालं. दिसायला तशीच नितळ राहते, हीच तर पंचाईत.
मी विचारलं, एक तारखेला दिली असती तर?
"चालली असती," म्हणाले.
भांडायला अक्कासुद्धा नाही घरात. आणि भांडून तरी...

१७ मे
रामय्या शुद्धीवर नाही. तिथल्या ताज्या औषधावर ठेवलंय.
डबा घेऊन गेले. नरसव्वा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली. बळंच दोन घास खाल्ले तिनं. हात धुऊन आली आणि हळूच म्हणाली, "वैनी, ते पयल्यांदा मागायला आलते, तवाच मिळाली असती तर गुण आला असता काय?"
मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं, डॉक्टरांना ठाऊक.
"व्हय," म्हणाली, "त्यांनाच इचारते."
आमचे डॉ. संध्याकाळी त्याला बघायला येणार आहेत.