पाटीभर दगड

बदनापूर, बुधवार, १२ मार्च १९७५

आज आत्याबाईंवर रागावताही येईना. सासू म्हणून त्या वाईट नाहीत, हीच तर पंचाईत आहे.

लग्न होऊन आल्यापासून मी एकटी बाहेर पडते ती फक्त बुधवारी, नदीवर धुणं घेऊन. धुणं वाळेपर्यंतचा तासभर माझा असतो. तेवढ्यात गुळगुळीत, चपटे दगड वेचायचे, पदरात बांधून आणायचे. मग परसात गेरू नाहीतर नीळ लावून एकावर एक रचायचे. दगडांचं नुसतं निमित्त. खरं म्हणजे मला तो तासच हवा असतो.

आज गाठोडं बांधत होते, तोच आत्याबाई घामाघूम होऊन दारात आल्या. डोक्यावरची पाटी त्यांनी खाली ठेवली. पाटीभर दगड! एकेक निवडून, धुऊन आणलेला.

"उन्हात पाय भाजतेत तुझे, पोरी. आता नदीवर जायचं काम न्हाई. धुण्याचं परटिणीला सांगून आले. तू घरीच बसून रंगव."

मला जायला आवडतं, एवढंच म्हणायचं होतं. म्हणाले काय, तर "तुम्ही कशाला त्रास घेतला?" असं का म्हणाले मी?

संध्याकाळी हे आले. त्यांनी पाटी पाहिली आणि म्हणाले, "बराबर केलं, आई. हिला बिलकुल बाहेर पडायची गरज न्हाई आता."

दोघं माझ्याकडे पाहत होते, किती खुशीत! मी हसले.

परसात दिवाळीपर्यंत पुरतील एवढे दगड पडलेत.