तापाच्या दोन गोळ्या

सिंगापूर,
८ मार्च २००३

ती. भाऊस,
सुवर्णाचा सा. न. वि. वि.

सायलीच्या लग्नाची पत्रिका मिळाली. माझ्या नावापुढे 'परिचारिका, सिंगापूर' असं जाड ठशात छापायची काय गरज होती? देवळ्याचे व्याही कांद्याचे व्यापारी. त्यांना वाटायचं, मुलीकडचे आधीच तोरा मिरवतायत. असो. माझी रजा मंजूर झाली. सोमवारी, २४ तारखेला दुपारचं विमान आहे. लग्न तीसला, म्हणजे आईच्या हाताखाली चार-पाच दिवस मिळतील, आणि धाकट्या बहिणीला मनसोक्त छळताही येईल.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर दादा ओरडतात, आई रडते आणि तू घड्याळ बघतोस. शिवाय पुढचं त्या दोघांच्या कानावर नको.

आमच्या वॉर्डात एक वेगळाच न्यूमोनिया आलाय. परदेशातून फिरून आलेल्या पेशंटपासून सुरू झाला म्हणतात. आधी थंडी वाजून ताप, अंग ठेचून काढल्यासारखं दुखतं, मग कोरडा खोकला. चार-पाच दिवस माणूस जेवतो, बोलतो, बरा वाटतो. आठवड्याच्या सुमारास एकाएकी त्याला श्वास पुरेनासा होतो. कुठलंच औषध लागू पडत नाही. परवा त्या पेशंटांचं सगळं करणाऱ्या दोन नर्सनाही ताप आला. वय झालेलं असलं, साखर असली, की हा आजार जास्तच धरतो. आपल्या दादांचं वय अडुसष्ट आणि साखर कधी अडीचशेच्या खाली नाही. म्हणून मनात पाल चुकचुकते. मेट्रनबाईंनी सगळ्यांना दिवसातून दोनदा ताप मोजून त्यांच्या वहीत लिहायला सांगितलाय. ताप आला की लगेच कळवायचं, आणि मग रजा रद्द, प्रवास बंद.

मला काही झालेलं नाही. आईदादांना यातलं बोलू नकोस.

कळावे, लोभ आहेच, तो लग्नाच्या गडबडीत हरवू नये.
तुझी,
सुवर्णा

मखमलाबाद, नाशिक,
१५ मार्च २००३

चि. सुवर्णास,
भारतचे अनेक आशीर्वाद.

सातपूरला शिफ्टला निघालो होतो, तेवढ्यात पोस्टमनने पत्र हातात दिलं. कंपनीच्या बसमध्येच वाचलं. तुझ्या त्या न्यूमोनियाचं टीव्हीवरही काहीबाही सांगत होते. बाई गं, तू दवाखान्यात काम करतेस, तिथे आजारी माणसं नसणार तर काय जत्रा असणार? लहानपणापासून तुझं हेच. गुलाबाचा काटा बोचला तरी धनुर्वात होईल म्हणून घरभर ओरडायचीस.

इकडे तुझ्या वाटेकडे सगळ्यांचे डोळे लागलेत. आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे, परगावाहून आलेलं माणूस पहिलं जेवण दादांच्या ताटात जेवतं. दादांनी आत्ताच बजावून ठेवलंय की सुवर्णी आल्याबिगर मी त्या दिवशी घास घेनार नाय, विमानाला किती बी उशीर होऊ दे. सायली म्हणते, ताई नसेल तर मी हळदीला बसणारच नाही. फुलबाजारात आपली फुलं घ्यायला येईल त्याला आई तुझं विमान किती वाजता उतरणार ते सांगते.

तेव्हा एक ऐक. तुझ्या त्या मेट्रनबाईच्या वहीपायी घरातलं कार्य बुडवू नकोस. निघायच्या वेळी कणकण वाटली तर कुणाला सांगू नकोस. इथून नेलेल्या तापाच्या गोळ्या असतीलच, त्यातल्या दोन घे, ताप उतरला की विमानात बस. घरी आल्यावर आपल्या डॉक्टरांना दाखवू, आई गवती चहाचा काढा देईल. आमच्या कंपनीत निम्मी माणसं गोळी खाऊनच मशीनवर उभी असतात. काही होत नाही.

बाकी भेटीअंती. लोभ काय, तो सामानात बांधून आणशीलच.
तुझा भाऊ,
भारत

सिंगापूर,
४ मे २००३

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

स्वतःच्या हाताने लिहितेय, त्यावरून समज की जिवंत आहे. तुमच्याशी फोनवर माझी मैत्रीणच बोलायची, कारण मला एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. परवा दवाखान्यातून सुटले. सायलीचे फोटो मिळाले. सासरच्या शालूत ती आईसारखी दिसते.

काय झालं ते तुला नीट कळलेलं नाही, म्हणून सांगते. सोमवारी सकाळी निघायचं होतं, तर रविवारी संध्याकाळीच हाडांत थंडी शिरली. दुसऱ्या दिवशी ताप होता, तेव्हा मी खोलीतूनच मेट्रनबाईंना कळवलं आणि त्यांनी मला वॉर्डात नेलं. पहिले पाच-सहा दिवस मला वाटलं, आपण उगीच घाबरलो. आठव्या दिवशी अंथरुणातून उठून तीन पावलांवरच्या बाथरूमपर्यंत गेले आणि परत येताना खाली बसले. हवा नाकात येत होती, पण आत पोचत नव्हती. मग बारा दिवस ऑक्सिजन. स्टेरॉइडचे मोठाले डोस दिले, त्यांनीच जीव वाचला असं डॉक्टर म्हणतात. काचेपलीकडे माझ्याच बरोबरीच्या नर्स डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या असायच्या, कोण कुठली ते नुसत्या चालण्यावरून ओळखायचं. ज्या दोघींबद्दल मागे लिहिलं होतं, त्यांतली एक गेली. सव्वीस वर्षांची होती.

आता केस पुंजक्याने गळतात. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. हे सगळं भरून येईल म्हणतात.

दादांची साखर किती आहे? ते कसे आहेत? तेवढं मात्र लगेच कळव.

आहे तो लोभ असू दे, एवढंच मागणं.
तुझी,
सुवर्णा

मखमलाबाद, नाशिक,
२० डिसेंबर २००३

चि. सुवर्णास,
अनेक आशीर्वाद.

सात महिन्यांत तुझी तीन पत्रं, तीही चार-चार ओळींची. दिवाळीलाही आली नाहीस. आई म्हणते, पोरीला काय तरी लागलंय. फोनवर तू हसतेस ते मलाही खरं वाटत नाही, पण मी तिला तसं सांगत नाही.

दादा ठणठणीत आहेत, साखर एकशे नव्वद. तू दर वेळी त्यांचंच विचारतेस म्हणून आधी लिहिलं. या वर्षी झेंडू बरा झाला. सायलीला दिवस गेलेत, देवळ्याला जावईबापू अमोलराव तिला जमिनीवर पाय ठेवू देत नाहीत. आपल्या आईला तिन्ही बाळंतपणांत कुणी खुर्चीही दिली नव्हती, ते तिला आता आठवतं.

आता खरी बातमी. जूनमध्ये इथल्या एका पेपरात तुझा फोटो छापून आला होता, ते मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. तुझं मे महिन्यातलं पत्र मीच त्या वार्ताहराला दाखवलं. त्याने लिहिलं की घरात बहिणीचं लग्न, हातात विमानाचं तिकीट, आणि तरी ताप येताच या मुलीने स्वतःहून कळवलं आणि पुढचा संसर्ग टाळला. अख्ख्या मखमलाबादने वाचलं. दादांनी ते कात्रण फ्रेम करून दारासमोर लावलंय. अनोळखी माणूस पाणी प्यायला थांबला तरी त्याला आधी ते वाचायला लावतात.

गावाने ठरवलंय, २६ जानेवारीला मारुतीच्या सभामंडपात तुझा सत्कार करायचा. नगरसेवक कोंडाजी स्वतः दोनदा घरी येऊन गेले. शाळेच्या मुली गीत बसवतायत. मी तुझ्या वतीने होकार दिलाय. मोठ्या भावाला एवढा हक्क आहे की नाही? मी दिलेला तो गोळ्यांचा सल्ला तू धुडकावलास, याची मला आता लाज नाही, अभिमान वाटतो, हेही तिथे माइकवर सांगणार आहे.

तिकीट काढ आणि तारीख कळव. लोभ या वेळी पत्रातून पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये.
तुझा भाऊ,
भारत

सिंगापूर,
२ जानेवारी २००४

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

हे पत्र एकट्याने वाच.

मी येणार नाही. लोकांना सांगायला एक खरं कारण माझ्याकडे आहे. सप्टेंबरपासून जांघेत दुखत होतं. फोटो काढले तर दोन्ही खुब्यांची हाडं आतून मरत चालली आहेत असं निघालं. ज्या स्टेरॉइडने जीव वाचला, त्यानेच हाडांचा रक्तपुरवठा तुटला असावा म्हणतात. मी काठी घेऊन चालते. वॉर्डातून काढून मला कागदपत्रांच्या टेबलावर बसवलंय. दम अजून लागतो, झोप गोळीशिवाय लागत नाही. पण यासाठी मी यायचं टाळलं नसतं. काठी टेकत आले असते.

भाऊ, तुझा सल्ला मी धुडकावला नव्हता.

तुझं पत्र २२ मार्चला मिळालं. सोमवारी सकाळी ताप एकशे एक होता. मी दोन गोळ्या घेतल्या. तासाभराने तो अठ्ठ्याण्णववर आला, तेवढाच मेट्रनबाईंच्या वहीत लिहिला, आणि बॅग घेऊन टॅक्सीत बसले. चालक म्हातारा होता, दादांच्याच वयाचा. बॅग मला उचलू दिली नाही. मी खोकायला लागले तेव्हा त्याने कागदी रुमालांचं पाकीट मागे दिलं. एसी मला बाधतोय असं वाटून खिडक्या उघडू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं, थंडी वाजत होती.

विमानतळाच्या दाराशी गाडी थांबली आणि मला दादांचं ताट दिसलं. त्यांनी माझ्यासाठी मोडलेली भाकरी, एकाच वाटीत बुडणारे आमचे हात. मला उतरता येईना. त्याला म्हटलं, परत फिरवा. तो काही न विचारता मला हॉस्टेलवर घेऊन आला. येता-जाता मिळून दीड तास मी त्याच्यासोबत बंद काचांत होते. नंतर मेट्रनबाईंना सांगितलं की सकाळपासून खोलीतच होते, ताप आत्ताच आला.

वॉर्डात एक फॉर्म देतात. मागच्या दहा दिवसांत कुणाकुणाला भेटलात ते लिहायचं, मग त्या प्रत्येकाला शोधून घरात बसवतात, ताप आला की लगेच उचलतात. मी सतरा नावं लिहिली. टॅक्सी लिहिली नाही. लिहिली असती तर गोळ्या खाऊन ताप लपवल्याचं कळलं असतं आणि नोकरी गेली असती. मनात म्हटलं, दीड तासाने काय होतंय. काही होत नाही. हे शब्द तुझेच होते, पण त्या वेळी म्हणाले मी.

माझ्या दहाव्या दिवशी समोरच्या काचेच्या खोलीत त्याला आणलं. मी ओळखलं. त्यानेही ओळखलं आणि हात वर केला. नर्सच्या हॉस्टेलवरून नेल्याने मी नर्स आहे हे त्याला ठाऊक होतं, त्याला वाटलं असेल की ओळखीचं कुणी आहे इथे. डॉक्टर बुचकळ्यात पडले होते, कारण तो ना कुठल्या दवाखान्यात गेला होता, ना कुणा आजारी माणसाला भेटला होता. साधा ताप समजून पाच दिवस गाडी चालवत राहिला होता. त्यालाही साखर होती. मी ऑक्सिजनवर होते, बोलता येत नव्हतं, पण हात चालत होता. पाटी-पेन्सिल उशाशीच होती. मी लिहिलं नाही. तो १३ एप्रिलला गेला. त्याच्या बायकोलाही झालं होतं, ती वाचली. त्या पाच दिवसांत त्याच्या गाडीत किती जण बसले, त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. हे इथे अजून कुणालाच माहीत नाही.

ते कात्रण भिंतीवरून काढ. दादांना काय सांगायचं ते मला सुचत नाही.

लोभ ठेव असं या वेळी लिहवत नाही.
सुवर्णा

मखमलाबाद, नाशिक,
११ जानेवारी २००४

चि. सुवर्णास,
आशीर्वाद.

पत्र कंपनीच्या गेटवर वाचलं. शिफ्टला गेलो नाही. गंगापूर रोडने चालत घरी आलो.

कोंडाजींना सांगितलं, सत्कार होणार नाही. कारण विचारलं तेव्हा तुझ्या हाडांचं सांगितलं. ते म्हणाले, मग तर अजून मोठा करू. तेव्हा मला ओरडावं लागलं. कात्रण उतरवायला स्टुलावर चढलो, तर दादा खाली उभे राहून विचारू लागले की काय झालं. बल्ब बदलतोय म्हणालो, आणि तसाच खाली उतरलो. ते अजून तिथेच आहे. मला जमलं नाही, तुला खोटं कशाला सांगू.

दोन रात्री मी मनात तुझी बाजू मांडत होतो. तू न सांगितल्याने त्या चालकाला वेळीच सावध करणारं कुणी उरलं नाही, हे काही केल्या खोडता येत नाही. मग माझी बाजू मांडायला बसलो, तर मांडायला काही सापडलंच नाही. साखरेचं तू लिहिलं होतंस, वयाचं लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं. आपल्या दादांना तू सांभाळशील एवढंच मी गृहीत धरलं. वाटेत दुसऱ्या कुणाचे दादा असतील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता मोठा भाऊ म्हणून शेवटचा हक्क सांगतो. हे पत्र मिळेल त्याच दिवशी मेट्रनबाईंकडे जा आणि सगळं सांग. नोकरी जाऊ दे. शिक्षा असेल तर होऊ दे. माझं १५ मार्चचं पत्र तू टाकलं नसशील, तू काहीच टाकत नाहीस. ते सोबत ने आणि त्यांना इंग्रजीत करून वाचून दाखव. खाली माझं नाव आहे, वर गावाचा पत्ता आहे. मग त्या चालकाच्या बायकोच्या घरी जा. त्यांचा माणूस कुणामुळे गेला हे त्यांना अजून ठाऊक नाही, आणि ते शोधत बसायची पाळी त्यांच्यावर येऊ नये. दादांना मी सांगेन. तू परत येशील तेव्हा त्यांना सगळं ठाऊक असेल.

आणि एक. तू चार पानं लिहिलीस, पण त्या माणसाचं नाव कुठे लिहिलं नाहीस. ते लिहून पाठव.

तुझा भाऊ,
भारत