व्हायोलेट मावशीची वलांडी

काशीगाव,
सप्टेंबर १९७४

प्रिय कॉन्रॅड,

पाऊस ओसरला आणि हायवेवर घरगाड्या दिसू लागल्या. कालच एक आली, थेट जर्मनीहून. आत पलंग, चूल, खिडक्यांना फुलांचे पडदे, नवरा-बायको आणि कुत्रं. रेडिएटर गळत होता, तो करून दिला, चहा पाजला. कुठं निघालात विचारलं, तर तुमच्या उत्तनचं नाव घेतलं.

पहिली गाडी आली तेव्हा तू इथंच होतास. त्यातल्या पोरीनं तुझ्या आईच्या वलांडीवर कपडे वाळत टाकले होते. बिचारीला वाटलं, हे बांबू आणि दोऱ्या त्यासाठीच बांधल्यात. व्हायोलेट मावशी भांडली नाही. बोंबलांची टोपली पुढ्यात ठेवली आणि दोन-दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर कसे टाकायचे ते शिकवलं. पोरगी संध्याकाळपर्यंत बोंबील टांगत होती. कपड्यांचा वास गोव्यापर्यंत गेला असणार.

एक गाडी म्हणजे पाहुणा, रे. गेल्या हिवाळ्यात रांग लागली, आणि त्यांना बघायला दर रविवारी मुंबईची माणसं बस भरभरून. वाळूत काचा, विहिरीचा तळ दिसायला लागला, वर तक्रार काय, तर मासळीचा वास येतो! गाडीवाले वाईट नाहीत. माझं गॅरेज त्यांच्यावरच वाढलं, खोटं कशाला बोलू? पण वलांडी नसलेली वाळू त्यांना रिकामीच वाटते.

तुमच्या आळीचा रिवाज तुला मी काय सांगणार! पाऊस सरला की घरच्या पुरुषानं खांब पुरायचे. ज्याचे खांब नाहीत त्याची किनाऱ्यावरची जागा सुटली. गेल्या साली तुझ्या मामानं निभावलं, यंदा तो अंथरुणाला खिळलाय. माझी दोन माणसं पाठवतो म्हटलं, तर मावशी म्हणाली, "तू भला हाय महिपत, पन हे तुझं काम न्हाय. कॉन्रॅडला लिव."

तिचा निरोप लिहिला. आता माझं. परवा एक शेटजी मोटार दाखवायला आला आणि माझ्याच बाकावर सोबत्याशी बोलत बसला. उत्तनला किनाऱ्यावर घरगाड्यांचा तळ काढतोय, न्हाणीघरं, खाणावळ सगळं. एका जागेच्या मालकिणीचा मुलगा बहारीनला असतो, त्याचा होकार आलाय, म्हातारीचं तेवढं बाकी आहे म्हणाला. माझे कान तुला ठाऊक आहेत. दोष देत नाही, कॉन्रॅड. परक्या मुलखात एकट्यानं राबणं काय असतं ते कळतं मला. मीही रत्नागिरीची जमीन विकूनच इथं उभा राहिलो. मावशीला बोललो नाही, बोलणारही नाही. ती खांबांना डांबर लावून बसलीय. तू ये. खांब पूर, नाहीतर तिच्यासमोर बसून नाही म्हण. पण त्या शेटजीच्या तोंडून तिला कळू देऊ नकोस.

तुझाच,
महिपत